‘काय नाय गो, गॅस झालाय’



गेल्या अंकात मुलींच्या दहावीनंतरच्या शिक्षणाबद्दल लिहिलं होतं. त्याचा पुढचा भाग या वेळी द्यायचा होता, पण तो पुढच्या महिन्यावर ढकलते. आमच्या घरात जे घडलं ते आधी सांगायला हवं, कारण तेच कुणाच्या ना कुणाच्या घरात आजही घडत असेल.

गेल्या रमजानमधली गोष्ट. माझी खाला, वय अठ्ठावन्न, असरनंतर इफ्तारीच्या तयारीला लागली होती. फळं कापता कापता तिला पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधोमध दुखायला लागलं. मग जबडा जड झाला, मळमळलं, आणि अंगाला दरदरून घाम सुटला. सुनेने विचारलं तर म्हणाली, “काय नाय गो, गॅस झालाय. रोजा हाय ना.” मगरिबला खजूर खाल्ला, ओवा चघळला, नमाज बसून पढली आणि आडवी झाली. रात्री जवळच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पित्ताचं इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. छातीत कळ नव्हती, डावा हात दुखत नव्हता, मग हृदयाची शंका कुणाला येणार? सहेरीच्या वेळी तिला दम लागायला लागला तेव्हा घरचे हादरले. बोर्लीहून म्हसळा, म्हसळ्याहून माणगाव असं करत गाडी निघाली. ईसीजी झाला तेव्हा कळलं की झटका आदल्या दिवशी संध्याकाळीच येऊन गेला होता. पुढे मोठ्या इस्पितळात स्टेंट बसला. अल्हमदुलिल्लाह, खाला आज आपल्यात आहे. पण हृदयाचा काही भाग कायमचा कमजोर झाला आहे.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी तिला एक प्रश्न विचारला, मी तिथेच उभी होते. “आजी, घरात काही टेन्शन?” खालाने एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाली, “नाय नाय, अल्लाहचा करम हाय. सगला बरा हाय.”

सगळं बरं नव्हतं. मुलगा कुवेतहून नोकरी सुटून परत आलाय त्याला तीन वर्षं झाली. दुसरं काम जमत नाही. सासू पाच वर्षं अंथरुणाला खिळलेली होती, तिचं सगळं खालानेच केलं. धाकट्या मुलीचा संसार मोडून ती माहेरी आली. या साऱ्याबद्दल खालाच्या तोंडून एक शब्द आम्ही कधी ऐकला नाही. मोहल्ल्यात तिची ख्याती हीच की बाई मोठी साबिर. मय्यतीच्या घरी सगळ्यांना धीर द्यायला पुढे.

डॉक्टरांनी तो प्रश्न का विचारला, हे घरी आल्यावर माझ्या डोक्यातून जाईना. हृदयाचा आजार म्हणजे तेल, तूप, साखर, वजन, एवढंच आपल्याला माहीत. मग टेन्शनचा काय संबंध? मी उर्दू आणि मराठी शिकवते, डॉक्टरीण नाही. पण वाचता येतं, विचारता येतं. सुट्टीत जे वाचलं आणि जाणकारांकडून समजून घेतलं ते इथे मांडते.

२००४ साली ‘इंटरहार्ट’ नावाच्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याचे प्रमुख होते डॉ. सलीम युसूफ. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेला हा माणूस पुढे कॅनडात जगातल्या नामवंत हृदयतज्ज्ञांपैकी एक झाला. ५२ देशांतल्या, त्यात भारतही आला, पहिला झटका आलेल्या सुमारे १५ हजार रुग्णांची तुलना तेवढ्याच निरोगी लोकांशी त्यांनी केली. तंबाखू, रक्तदाब, साखर, चरबी हे तर निघालंच. पण जी नऊ कारणं ठळकपणे पुढे आली, त्यातलं एक होतं मनावरचा भार. घरचा आणि कामाचा ताण, पैशाची ओढाताण, गेल्या वर्षभरात कोसळलेली संकटं, उदासी, आणि आपल्या आयुष्यावर आपलं काहीच चालत नाही ही भावना, या सगळ्याची त्यांनी विचारणा केली होती. झटक्यांच्या एकूण धोक्यात या भाराचा वाटा जवळपास एक तृतीयांश निघाला. स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षाही जास्त. आणखी एक गोष्ट त्याच अभ्यासातून कळली. आपल्या दक्षिण आशियात पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, बाकीच्या जगात ५९ च्या आसपास. म्हणजे ‘हा म्हातारपणाचा आजार’ हे आपल्याकडे लागू नाही.

आता हे होतं कसं? माणूस घाबरला किंवा चिडला की शरीर अ‍ॅड्रिनॅलिन नावाचं रसायन रक्तात सोडतं. नाडी धावते, रक्तदाब चढतो, रक्त गोठायला तयार होतं. साप दिसला आणि पळायचं असेल तर हे उपयोगाचं. साप गेला की सगळं शांत होतं. पण साप घरातच राहत असेल तर? कर्जाचा, बेकारीचा, सासरच्या बोलण्याचा? मग हे रसायन आणि त्याचं भावंड कॉर्टिसॉल रोज थोडं थोडं पाझरत राहतं. रक्तदाब खाली येत नाही, साखर वाढते, पोटावर चरबी बसते, रक्तवाहिन्यांच्या आतलं गुळगुळीत अस्तर खराब होतं. बायकांच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. हृदयाच्या मोठ्या नळ्या मोकळ्या दिसतात, अँजिओग्राफी स्वच्छ येते, आणि तरीही आतल्या बारीक नळ्या आवळून हृदयाला रक्त कमी पडतं. अशा बाईला “तुम्हाला काही झालेलं नाही, मनाचे खेळ आहेत” असं सांगून परत पाठवलेलं किती जणींनी ऐकलंय! मनाचे खेळ खरेच, पण ते रक्तवाहिन्यांवर चाललेले असतात.

पाळी जाईपर्यंत इस्ट्रोजेनमुळे बायकांना थोडं संरक्षण मिळतं. पाळी गेली की ते ओसरतं. आणि आपल्याकडे नेमक्या याच वयात मुलांची लग्नं, सासऱ्यांचं आजारपण, नवऱ्याची निवृत्ती, आखातातून परतलेला मुलगा, हे सगळं एकदम अंगावर येतं.

शिवाय उदास बाई स्वतःकडे बघत नाही हेही आहेच. चालणं बंद, झोप नाही, गोळी संपली तर आणायला सांगत नाही. आणि मिसरी वाढते. हो, मिसरी! आपल्या कित्येक दाद्या-नान्यांना डोकं जड झालं की मिसरीची डबी लागते. ती दात घासायची पूड नाही, भाजलेला तंबाखू आहे. सिगारेट ओढणाऱ्या मुलाला ओरडणारी आई स्वतः दिवसातून पाच वेळा तंबाखू लावते आणि तिला कुणी काही म्हणत नाही.

३ जून २०२० चा बुधवार आपल्या किनाऱ्यावरचं कोण विसरेल? दिवेआगर, श्रीवर्धन, बोर्ली, सगळ्या पट्ट्यावरून निसर्ग चक्रीवादळ गेलं. दुपारभर पत्रे उडत होते, माड आणि पोफळी काडीसारख्या मोडत होत्या. ज्या वाडीवर दोन पिढ्या जगल्या ती दोन-तीन तासांत आडवी झाली. वर लॉकडाऊन, विमानं बंद, नवरे कतार-कुवेतमध्ये अडकलेले, वीज कित्येक दिवस नाही, फोन लागत नाही. तेव्हा काही बायका छाती धरून बसल्या होत्या, ते मी पाहिलंय. कुणी म्हणालं घाबरली, कुणी म्हणालं नजर लागली.

जपानी डॉक्टरांनी १९९० साली अशा एका आजाराचं वर्णन केलं होतं. मोठा धक्का बसल्यावर, कुणी अचानक गेल्यावर, भूकंपानंतर, हृदयाचा एक भाग एकाएकी आकुंचन पावेनासा होतो आणि फुग्यासारखा फुगतो. त्या आकाराला त्यांनी ‘ताकोत्सुबो’ म्हटलं. ताकोत्सुबो म्हणजे जपानी कोळी ऑक्टोपस धरायला जे मडकं पाण्यात सोडतात ते, बुडाशी गोल आणि गळ्याशी अरुंद. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये जपानच्या निगाता भागात भूकंप झाला, तेव्हा केंद्राजवळच्या गावांत असे रुग्ण एकदम वाढलेले दिसले, आणि त्यात बहुतेक बायकाच. एकूणच या आजाराच्या दहांतल्या साधारण नऊ रुग्ण स्त्रिया असतात, बहुतेक पाळी गेलेल्या. लक्षणं हुबेहूब झटक्यासारखी, ईसीजीसुद्धा बिघडतो, पण नळ्या मोकळ्या. काही आठवड्यांत बहुतेकींचं हृदय पूर्ववत होतं, काहींचा जीवही जातो. घरी बसून मात्र हा ताकोत्सुबो की झटका हे कुणालाच ओळखता येत नाही. म्हणून धक्क्याची बातमी ऐकून बाईच्या छातीत दुखू लागलं तर कांदा हुंगवत, पाणी शिंपडत बसू नका, गाडी काढा. दम केलेलं पाणी गाडीतसुद्धा पाजता येतं.

वादळाचा धक्का तरी सगळ्यांना दिसतो. रोजचा धक्का दिसत नाही. अमेरिकेत परिचारिकांच्या एका फार मोठ्या अभ्यासात आढळलं की आजारी किंवा अपंग नवऱ्याची आठवड्याला ९ तास किंवा त्याहून जास्त शुश्रूषा करणाऱ्या बायकांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या जवळपास पावणेदोन पट होता. आठवड्याला ९ तास! हे वाचून मला हसू आलं आणि मग लाज वाटली. खालाचे ९ तास दिवसाला होत होते. आजाऱ्याची खिदमत हे मोठ्या सवाबाचं काम आहे, यात शंका नाही. पण ती एकटीनेच करायची असं कुठे लिहिलंय? घरात तीन मुलगे, दोन जावई, आणि सासूला कुशीवर वळवायला फक्त मोठी सून.

अमेरिकेतल्याच फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून लोकांच्या हृदयाची नोंद ठेवली जाते. तिथल्या पुढच्या पिढीतल्या सुमारे ३,७०० स्त्री-पुरुषांना विचारलं गेलं, नवऱ्याशी किंवा बायकोशी मतभेद झाला की तुम्ही बोलता की मनात ठेवता? मग दहा वर्षं त्यांची नोंद ठेवली. ज्या बायका भांडणाच्या वेळी आपलं म्हणणं गिळून टाकत होत्या, त्यांच्यात त्या काळात मरण्याचं प्रमाण बोलणाऱ्या बायकांच्या चौपट निघालं. पुरुषांमध्ये गप्प राहण्याचा असा परिणाम दिसला नाही. हे सगळे मृत्यू हृदयविकाराचेच होते असं नाही, आणि अशा अभ्यासातून अमुक एका गोष्टीनेच अमुक झालं असं छातीठोक म्हणता येत नाही. पण हा आकडा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं आणि बराच वेळ पडवीत बसून राहिले.

कारण आपल्या घरात मुलीला लग्नाआधी शेवटची नसीहत हीच असते. सब्र कर. उलट बोलू नको. आखातातून नवऱ्याचा फोन आला की रडगाणं सांगू नको, तो तिकडे एकटा असतो. बाई दोन वर्षं फोनवर “सगळं ठीक” म्हणत राहते, तोही तिकडून “सगळं ठीक” म्हणतो. दोघंही एकमेकांवरच्या प्रेमापोटी खोटं बोलतात आणि दोघांचंही बीपी वाढतं.

पण सब्र म्हणजे हेच का? हजरत याकूब (अ.स.) यांचा सब्र कुरआनने सुंदर म्हटला. सूरह यूसुफमध्येच हेही आहे की मुलाच्या दुःखाने त्यांचे डोळे पांढरे पडले. नबीच्याही शरीरावर दुःखाचा परिणाम झाला, हे कुरआनने लपवलं नाही. आणि त्यांनी आपलं गाऱ्हाणं अल्लाहपाशी मांडलं. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या मांडीवर त्यांच्या लहानग्या इब्राहीमने प्राण सोडला तेव्हा आपले डोळे पाणावले. सोबत्यांना आश्चर्य वाटलं, तेव्हा ही रहमत आहे असं आपण समजावलं. हजरत खदीजा (र.) आणि अबू तालिब ज्या वर्षी गेले, त्या वर्षाला सीरतच्या पुस्तकांत दुःखाचं वर्ष असंच नाव आहे. आमच्याकडे मात्र मय्यतीच्या घरी बाई रडायला लागली की चार जणी “बस बस, बेसब्री नको” म्हणून तिचं तोंड दाबतात. छाती पिटून आक्रोश करणं वेगळं आणि डोळ्यांतून पाणी येणं वेगळं, एवढा फरक तरी आपण करायला हवा.

हजरत खौला बिन्त सअलबा (र.) यांची हकिकत मला अलीकडे सारखी आठवते. नवऱ्याने रागात जाहिलियतच्या काळातले शब्द वापरून त्यांना दूर केलं. त्या घरात तोंड लपवून बसल्या नाहीत. प्रेषितांकडे गेल्या, आपलं म्हातारपण, आपली मुलं, आपल्यावरचा अन्याय, सगळं मांडलं, पुन्हा पुन्हा मांडलं. आणि अल्लाहने त्यांचं ऐकलं. एका सूरहचं नावच त्या वादावरून, अल-मुजादिला. पुढे हजरत उमर (र.) खलीफा असताना याच म्हाताऱ्या बाईने त्यांना रस्त्यात थांबवलं आणि ते ती बोलायची थांबेपर्यंत उभे राहिले, असं रिवायतीत येतं. ज्या दीनमध्ये बाईचं गाऱ्हाणं सात आसमानांवर ऐकलं जातं, त्या दीनच्या नावाने आपण तिला गप्प कसं बसवतो, हा प्रश्न माझ्या मौलानांना नाही, आपल्यालाच आहे. गप्प बसवणाऱ्या बहुतेक वेळा आपण बायकाच असतो.

बोलून खरंच काही होतं का? स्वीडनच्या स्टॉकहोम शहरात हृदयविकार होऊन गेलेल्या २३७ बायकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. औषधोपचार दोन्ही गटांना सारखेच. एका गटातल्या बायका चार ते आठच्या टोळक्याने, वर्षभरात वीस वेळा एकत्र बसल्या. घरचं, मनातलं बोलायचं, ताण कसा हाताळायचा ते शिकायचं. सरासरी सात वर्षांनी हिशोब केला. नेहमीच्या उपचारांवरच्या १२५ पैकी २५ बायका गेल्या होत्या, बसणाऱ्या ११२ पैकी ८. स्टॉकहोममध्ये आधी हेही आढळलं होतं की आजारी हृदयाच्या बाईला नोकरीच्या ताणापेक्षा नवऱ्याशी न पटण्याचा ताण जास्त भोवतो.

स्वीडन लांब आहे, पण गोवा जवळ आहे. तिथे ‘संगथ’ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या मार्गदर्शनाखाली साध्या, डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवून आरोग्य केंद्रांत बसवलं. उदासी आणि घबराट असलेल्या रुग्णांशी त्यांनी बोलायचं, गरज पडली तर डॉक्टरांकडे द्यायचं. २०१० साली या प्रयोगाचे निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांतले रुग्ण त्यामुळे जास्त प्रमाणात बरे झाले. म्हणजे दर वेळी मुंबईचा मोठा मानसोपचारतज्ज्ञच लागतो असं नाही. आपल्याकडे फोनवर १४४१६ हा सरकारी टेली-मानस क्रमांक आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

मात्र कुणी यातून असा अर्थ काढू नका की बोललं, रडलं, जिक्र केला, आता गोळी नको. खालाने दुसऱ्याच महिन्यात असं करून पाहिलं आणि आमची बोलणी खाल्ली. नमाज आणि जिक्रने मन शांत होतं, त्याने रक्तदाबाच्या गोळीचं काम होत नाही. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकीने आरोग्य केंद्रात जाऊन बीपी आणि साखर तपासून घ्यावी. बाळंतपणात जिचं बीपी वाढलं होतं किंवा साखर आली होती तिने तर नक्कीच, आणि डॉक्टरांना ते आठवणीने सांगावं. पुढच्या वयात तिला हृदयाचा धोका जास्त असतो आणि हे आपल्याला कुणी सांगत नाही.

आणि झटका बाईच्या अंगात कसा येतो तेवढं लक्षात ठेवा. छातीत दुखतंच, पण कधी कळ नसते, नुसता दाब असतो. पाठ, जबडा, मान किंवा पोटाचा वरचा भाग दुखतो. मळमळ, थंड घाम, दम, आणि एकाएकी इतका थकवा की ताट उचलवत नाही. अशा वेळी १०८ ला फोन करा आणि ईसीजी काढायचा आग्रह धरा. डॉक्टर “गॅस आहे” म्हणाले तरी अदबीने म्हणा, ईसीजी काढून सांगा. रोजा असेल तर सोडा. आजाऱ्याला शरीअतने सवलत दिली आहे, ती नाकारण्यात कुठली फजिलत?

खाला आता सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास चालते. मिसरीची डबी तिच्या नातीने विहिरीत टाकली, यावर घरात मोठा हंगामा झाला. दर गुरुवारी असरनंतर आम्ही सहा-सात जणी तिच्या पडवीत बसतो. पहिल्यांदा बसलो तेव्हा कुणाला काही सुचेना, चहा पिऊन आणि लग्नांच्या गप्पा मारून उठलो. तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी मी जवाचा तलबीना करून नेला होता. दुःखी माणसाच्या दिलाला तलबीन्याने आराम मिळतो ही गोष्ट हजरत आइशा (र.) यांच्याकडून आलेली आहे. वाटी हातात घेऊन खाला बराच वेळ नुसती ढवळत राहिली. मग म्हणाली, “माजा पोरगा तीन वरसां घरात बसलाय. मना रातची नीज येत नाय.”

सून दारातच उभी होती. ती आत आली आणि खालाच्या शेजारी बसली.